काळ्या जमिनींत गुलाबाचें कलम

गुलाब विकत घेतांना बहुतेक शेतकरी बांधव फुलाकडे पाहतात. पण झाड पुढें किती वर्षें जगेल, हें त्याच्या जोडावर आणि मुळांवर ठरतें. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील भारी काळ्या जमिनींत ही पारख न करतां लावलेलीं कलमें बहुधा पहिल्याच पावसाळ्यांत दगावतात.

बागेंतील गुलाब बहुतेक रानगुलाबाच्या खुंटावर डोळा भरून केलेले असतात. जोड घट्ट भरून आलेला असावा; तेथें फट किंवा काळा डाग असल्यास कलम घेऊं नये. जोडावरून निदान दोन जोमदार हिरव्या फांद्या निघालेल्या असाव्यात. फांदी शेंड्याकडून खालीं काळी पडत वाळूं लागली असेल, तर ती शेंडेमर समजावी. नंतर पिशवी उतरवून मुळें दाखविण्यास सांगावें. भिडस्त गिऱ्हाइकास हें जड जातें; पण बैल घेतांना आपण दांत पाहतोंच ना? मुळांवर गाठी दिसल्यास त्या सूत्रकृमीच्या. असें एक रोप मळ्यांत आलें कीं ती कीड तेथें ठाण मांडते, आणि पुढें वांगीं व टोमॅटो यांनाही सोडीत नाहीं.

काळी जमीन पावसांत फुगून पाणी धरते. तींत खड्डा खणून भुसभुशीत खत भरल्यास भोवतालचें पाणी त्यांतच साचतें आणि मुळें कुजतात. म्हणून फूटभर उंच गादीवाफे करून त्यांत पोयटा व चांगलें कुजलेलें शेणखत मिसळावें आणि पावसाचा जोर ओसरल्यावर लागवड करावी. जोड मातीच्या दोन बोटें वर ठेवावा. थंड देशांतील पुस्तकें तो पुरावयास सांगतात, तें हिमापासून बचावासाठीं. आपणांस त्याचें प्रयोजन नाहीं. जोडाखालून आलेला फुटवा रानगुलाबाचा असतो; माती उकरून तो मुळापासून ओढून काढावा.

कोवळीं पानें पिवळीं पडून शिरा हिरव्या राहिल्या, तर पुष्कळजण युरिया टाकतात. चुनखडीच्या जमिनींत हें लक्षण बहुधा लोहाच्या कमतरतेचें असतें. दर लिटर पाण्यास पांच ग्रॅम हिराकस घालून फवारावें.

लातूर शहरास २०१६ सालीं मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें. तेव्हां कलमांची संख्या विहिरीच्या मे महिन्यांतील पाण्यावरून ठरवावी, आणि ठिबकाखालीं उसाचें पाचट पसरावें. पाचट जोडास मात्र टेकूं देऊं नये. ओल धरून तेथेंच कूज सुरू होते.