७२० पिक्सेलांतला पदर

येवल्याहून पैठणीच्या पदराचा फोटो येतो तो ६००० बाय ४००० पिक्सेलांचा. मेमरीत पूर्ण उलगडला तर ७२ एमबी जागा खातो. गिऱ्हाईक मात्र तो ३६० रुंदीच्या मोबाइल स्क्रीनवर पाहणार. या स्क्रीनवर प्रत्यक्ष ठिपके दुप्पट-तिप्पट दाट असतात, म्हणून ब्राउझर ७२० किंवा १०८० रुंदीची प्रत मागतो. मागणी येताच ती प्रत तयार करून देणं हे माझं काम.

त्यासाठी मी लिबव्हिप्स ही इमेज लायब्ररी वापरतो. जेपेगमधलं चित्र ८ बाय ८ पिक्सेलांच्या चौकोनांत साठवलेलं असतं, त्यामुळे ते थेट निम्म्या, पाव किंवा अष्टमांश आकारात उघडता येतं. ७२० साठी लिबव्हिप्स पाव आकार, म्हणजे १५०० रुंदी घेतं आणि उरलेली घट लॅन्झॉस फिल्टरवर सोपवतं. ही शेवटची पायरी जरीसाठी फार मोलाची. मधले पिक्सेल नुसते गाळून चित्र लहान केलं, तर जरीच्या दाट तारांमधून मुळात नसलेले लाटांचे पट्टे उमटतात. फिल्टर शेजारच्या पिक्सेलांचा हिशेब धरतो, म्हणून विणीचा पोत टिकतो.

खरी कसोटी रंगाची. जागा वाचवायला जेपेगमध्ये बहुधा चार पिक्सेलांना मिळून एकच रंग ठेवतात. आभाळाच्या फोटोत ते खपतं. पण पदरावर विणलेल्या हिरव्या मुनिया पक्ष्याची लाल चोच या आकारात दोन-तीन पिक्सेलांची उरते आणि मातकट होते. माहिती गाळणाऱ्या वेबपी फॉरमॅटमध्ये तर ही काटकसर टाळताच येत नाही. म्हणून पदराच्या जवळून घेतलेल्या फोटोंसाठी मी एव्हीआयएफ निवडतो, प्रत्येक पिक्सेलाचा रंग स्वतंत्र ठेवून. फाइल थोडी जड होते, होऊ दे. विणकराने ज्या चोचीसाठी वेगळा धागा घातला, ती दिसलीच पाहिजे.

फोनवरून आलेल्या फोटोंची रंगपट्टी पुष्कळदा डिस्प्ले पी३ असते. वेबच्या नेहमीच्या एसआरजीबीत न बदलता फोटोतलं रंगाचं प्रोफाइल काढून टाकलं, तर राणी रंग फिका पडतो.

ब्राउझरला एव्हीआयएफ चालतं की नाही, हे त्याच्या ॲक्सेप्ट हेडरवरून कळतं. नसेल चालत तर जेपेग. रुंदी ठरलेल्या यादीतलीच देतो, नाहीतर कुणीही ७२१, ७२२ मागत सर्व्हरला राबवेल. एकदा बनलेली प्रत सीडीएनवर राहते. फोटो बदलला की त्याचा पत्ताही बदलतो, म्हणजे विकल्या गेलेल्या पैठणीचा जुना पदर नव्या साडीखाली दिसत नाही.