पंपाची तालीम

शहापूर आणि मुरबाड हे तालुके ज्यांनी ऐन चैत्र-वैशाखात पाहिले आहेत, त्यांना राबाच्या धुराची ओळख करून देण्याचे कारण नाही. भाताचे रोप टाकावयाच्या जागेवर शेण, कवळाच्या वाळक्या फांद्या, पालापाचोळा आणि वर माती असे थर रचून ते धुमसत ठेवण्याचा शिरस्ता सह्याद्रीच्या या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यात चुलींचा आणि वीटभट्ट्यांचा धूर मिळाला, की दमेकऱ्याची धाप वाढण्यास निराळे निमित्त लागत नाही. जागतिक दमा दिन मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी पाळतात. निदान या मुलखापुरती तरी ती तिथी अचूक पडली आहे.

दमेकऱ्याला पंप लिहून देणे हे अर्ध्या मिनिटाचे काम. तो ओढावयास शिकविण्याचे काम मी या भागातल्या एका दवाखान्यात, बाजाराच्या दिवशी, एका परिचारिकेच्या बाकाशेजारी बसून पाहिले. प्रथम ती काहीच शिकवीत नाही. "आजी, घरी घेता तसा घ्या बघू," एवढे म्हणून गप्प बसते. आजीबाईंनी पिशवीतून पंप काढला, न हलविताच तोंडापुढे धरून दाबला आणि मग सावकाश ओठ मिटले. पांढरा फवारा बाहेरच्या बाहेर विरून गेला.

"गेलं की आत!"

"आत कुठलं आजी, माझ्या तोंडावर आलं," परिचारिका म्हणाली, आणि दोघीही हसल्या.

मग तालीम सुरू झाली. टोपण काढून पंप चांगला हलवावा, छातीतला श्वास पुरता सोडावा, नळी दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटावेत, श्वास आत घेण्यास आरंभ होताच पंप दाबावा, चार-पाच अंक मोजून होईपर्यंत ओढतच राहावे आणि नंतर दहा अंक श्वास कोंडून धरावा, असा हा क्रम. फवारा वेगाने सुटतो. श्वासाची सोबत मिळाली नाही तर औषध घशावर आपटून तेथेच राहते. १९५६ साली हे यंत्र प्रथम बाजारात आले, तेव्हापासून हाताचा आणि श्वासाचा मेळ हीच त्याची खरी अडचण आहे. ज्यांना तो साधत नाही त्यांच्यासाठी स्पेसर नावाचे पोकळ भांडे आहे. आणि ते विकत घेण्याची ऐपत नसेल तर अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या मापाचे भोक पाडून, सांधा गोंदाने बंद करून केलेली तजवीजही चालते, हे दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी दमेकरी मुलांवर चाचणी घेऊन १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये दाखविले आहे.

रोटाहेलरची तऱ्हा नेमकी उलटी. त्यात कॅप्सुलेतली कोरडी भुकटी असते आणि ती उचलण्याचे सारे काम श्वासानेच करावयाचे, म्हणून तेथे संथपणा कामाचा नाही. "पेजेचा भुरका मारता ना, तसा जोरात ओढा," असे ती एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला सांगत होती. त्याने आठवडाभर त्या कॅप्सुला पाण्याबरोबर गिळल्या होत्या. त्याला हसण्यात अर्थ नाही. कॅप्सूल हाती देऊन ती गिळावयाची नाही, हे कोणी सांगितलेच नसेल तर शहाण्या माणसाने दुसरे काय करावे? ओढून झाल्यावर परिचारिकेने कॅप्सुलेचा तुकडा उजेडाकडे धरला. भुकटी राहिली होती, तेव्हा पुन्हा भुरका. पावसाळ्यात डबीचे झाकण उघडे राहू देऊ नये, ओलीने भुकटीच्या गुठळ्या होतात, हेही तिने बजाविले.

पंपाची सवय लागते, त्यापेक्षा सुई बरी, हा समज अजून ठाण मांडून आहे, आणि तो पंपाच्या गैरवापराइतकाच नुकसान करतो. तत्काळ आराम देणारा पंप लोक जपून ठेवतात. परंतु श्वासनलिकांची सूज हळूहळू उतरविणारा, रोज घ्यावयाचा स्टेरॉइडचा पंप 'काही फरक पडत नाही' म्हणून फळीवर पडून राहतो. तो घेतल्यावर चूळ भरावी, नाही तर तोंड येते. दोनशे मात्रांच्या पंपातून रोज चार घेतल्या तर तो पन्नास दिवस पुरतो. पुढे नुसता वायू सुटत राहिला तरी त्यात औषध असेलच असे नाही. म्हणून परिचारिका पंपावरच तारीख लिहून देते.

एवढे करूनही काही आठवड्यांत हात पुन्हा जुन्या वळणावर जातो. तेव्हा ज्यांच्या घरी दमेकरी आहे त्यांना एवढीच विनंती, की पुढल्या खेपेस दवाखान्यात नुसती चिठ्ठी घेऊन जाऊ नका. पंप बरोबर न्या, आणि तो समोर ओढून दाखविल्यावाचून बाकावरून उठू नका.