गळक्या वायुनलिका

मोट फुटकी असली म्हणजे बैल कितीही राबले तरी पाटात पाणी थोडेच पडते. घरातील हवा उबदार किंवा थंड करणाऱ्या यंत्रांच्या बाबतीतही असेच घडते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पुष्कळ घरांमध्ये एकाच ठिकाणी हवा तापवून वा थंड करून ती नलिकांवाटे सर्व खोल्यांत पोचविली जाते. या नलिका बहुधा माळ्यावरून, भिंतीतून किंवा घराच्या तळाखालील पोकळीतून गेलेल्या असतात. म्हणून त्यांचे सांधे निखळले तरी ते कोणाच्या दृष्टीस पडत नाही. तेथील ‘एनर्जी स्टार’ या शासकीय उपक्रमाच्या मते, सर्वसामान्य घरात नलिकांतून वाहणाऱ्या हवेपैकी सुमारे २० ते ३० टक्के हवा अशा रीतीने वाटेतच निसटते. तिच्यावर खर्ची पडलेले इंधन वा वीजही व्यर्थ जाते.

परंतु हानी केवळ पैशाची नव्हे. खोल्यांतील हवा यंत्राकडे परत नेणाऱ्या नलिकेत दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. तिला भोक पडले तर माळ्यावरची धूळ आणि बुरशीचे कण आत ओढले जातात. ही नलिका भट्टीजवळ गळत असेल तर तेथील हवेचा दाब उतरतो आणि धुराड्यातून वर जावयाचा धूर उलट घरात शिरू शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. या प्राणघातक वायूला रंग नाही आणि वासही नाही.

मग हे सांधे बुजवावेत कशाने? इंग्रजीत ‘डक्ट टेप’, म्हणजे नलिकेची पट्टी, असे नाव मिळालेली कापडी चिकटपट्टीच या कामी निरुपयोगी ठरली! कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत मॅक्स शेरमन व इयन वॉकर यांनी निरनिराळ्या पट्ट्या व लेप उष्णतेत तपासून पाहिले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार कापडी पट्टी लवकर सुटते; मॅस्टिक नावाचा दाट लेप मात्र टिकून राहतो.

जेथे हात पोचत नाही तेथल्या फटींसाठी याच प्रयोगशाळेत मार्क मोडेरा यांनी १९९० नंतरच्या दशकात एक युक्ती शोधून काढली. खोल्यांकडील तोंडे बंद करून नलिकेत चिकट द्रव्याचे सूक्ष्म कण दाबाखाली सोडावयाचे. हवा फटींतूनच बाहेर पडत असल्याने कण त्यांच्या कडांवर साचतात आणि फटी बुजतात.

काम संपल्यावर भट्टी व धुराडे यांची तपासणी करणे अगत्याचे असते. कारण नलिका बुजविल्याने घरातील हवेचा दाब बदलतो.