गादीवर कोण बसतो?

देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणा राजा हे चोखोबांचं जन्मगाव मानलं जातं. बुलढाणा जिल्ह्यात हे अभिमानाने सांगितलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण चोखोबांची समाधी पंढरपुरात विठ्ठल मंदिराच्या महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीपाशी आहे. ते दार त्यांच्या जातभाईंना उघडायला सहाशे वर्षं लागली. त्यासाठी मे १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. गुरुजी कुठल्या मठाचे अधिपती नव्हते, पूर्वाश्रमीचे शाळामास्तर होते. ज्यांच्या हाती देवळाची किल्ली होती, ते आपणहून उठले नाहीत.

समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांच्या बाबतीत आज तोच प्रश्न दोन पायऱ्यांनी पुढे येतो. त्यांना दारातून आत घ्यायचं का, हा पहिला. त्यांच्यापैकी कोणी गादीवर, व्यासपीठावर, वेदीपाशी उभं राहिलं तर चालेल का, हा दुसरा. पहिल्याला होकार देणारे पुष्कळ धर्मगुरू दुसऱ्यापाशी अडखळतात.

या अडखळण्याची एक मोलाची गोष्ट मुंबईत घडली आहे. अशोक राव कवी हे समलिंगी हक्कांच्या चळवळीतलं आद्य नाव. १९४७ मध्ये मुंबईत जन्म, पेशा पत्रकाराचा. तरुणपणी स्वतःच्या कलाचा छडा लागेना, तेव्हा त्यांनी संन्यासाची वाट धरली आणि रामकृष्ण मिशनमध्ये दाखल होऊन धर्मशास्त्राचा अभ्यास केला. तिथे स्वामी हर्षानंद या ज्येष्ठ संन्याशाने त्यांना ना पापाची भीती घातली, ना उपचाराचा सल्ला दिला. तू जसा आहेस तसा स्वतःला स्वीकार आणि बाहेर पडून मोकळेपणाने जग, असं त्यांचं सांगणं होतं. राव कवींनी मठ सोडला. १९८६ मध्ये एका मासिकातल्या मुलाखतीत त्यांनी आपलं समलिंगी असणं जाहीर केलं, १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढलं आणि १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा केला. एड्सच्या काळात हजारो पुरुषांपर्यंत पोहोचलेल्या कामामागे एका भगव्या वस्त्रातल्या माणसाचं चांगलं वागणं होतं, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही.

मात्र मला या गोष्टीची दुसरी बाजूही टोचते. ब्रह्मचर्याचं व्रत सर्वांना सारखंच असतं. मग ज्याच्याशी इतक्या मायेने बोलणं झालं, त्याला खरं जगण्यासाठी दार ओलांडून बाहेरच का जावं लागलं? हर्षानंदांनी त्या मुलाला वाचवलं हे नक्की. मठात राहून तो काय झाला असता, हा प्रश्न उरतोच. मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात शुकदास महाराजांनी विवेकानंदांच्या नावाने मोठं काम उभं केलं. तिथे विवेकानंद जयंतीला पुरी आणि वांग्याच्या भाजीच्या महाप्रसादाला लाखाची पंगत बसते. पंगतीत शेजारी कोण बसलं आहे, हे कोणी विचारत नाही. पंगतीला हे जमतं. गादीचं गणित वेगळं असतं.

गादी मिळत नसेल तर आपलीच मांडायची, हा मार्ग लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनी घेतला. ठाण्यात वाढलेल्या लक्ष्मींचं ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ हे आत्मकथन मराठीत आधी आलं. २०१५ मध्ये किन्नर आखाडा स्थापन झाला आणि त्या त्याच्या आचार्य महामंडलेश्वर झाल्या. तेरा आखाड्यांच्या परिषदेने मान्यता नाकारली, तरी २०१६ च्या उज्जैन सिंहस्थात त्यांची पेशवाईची मिरवणूक निघाली आणि बघ्यांनी रस्ते फुलले. २०१९ मध्ये प्रयागराजला जुना आखाड्याशी समझोता झाला. ज्यांच्याकडून टाळी आणि आशीर्वाद एवढंच घ्यायची समाजाला सवय, त्यांच्या पाया पडायला रांगा लागल्या.

पण गादी मिळाली की राजकारणही येतं. २०१८ च्या अखेरीस लक्ष्मींनी अयोध्येतल्या राममंदिराला पाठिंबा दिला, तेव्हा देशभरातल्या अनेक तृतीयपंथी कार्यकर्त्यांनी जाहीर पत्रक काढून विरोध नोंदवला. मला यात दोन्ही बाजूंनी शिकण्यासारखं दिसतं. वंचित समूहातून आलेला धर्मगुरू प्रत्येक प्रश्नावर उदारच असेल, ही आपली भाबडी अपेक्षा. इतर महंतांकडून आपण ती कधी ठेवत नाही. दक्षिण महाराष्ट्रात यल्लम्माचे जोगते साडी नेसून, डोक्यावर देवीचा जग घेऊन पिढ्यान्‌पिढ्या जोगवा मागत आले. त्यांना देवीचं माणूस म्हणून मान मिळाला, माणूस म्हणून मिळाला नाही. राजन गवस यांच्या कादंबऱ्या आणि २००९ चा ‘जोगवा’ हा चित्रपट यांनी हे दुखणं मराठी वाचक-प्रेक्षकांसमोर ठेवलं.

आता चर्चकडे, म्हणजे नागपूरकडे वळू. प्रोटेस्टंट व ऑर्थोडॉक्स चर्चची राष्ट्रीय परिषद, नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया, तिथेच आहे. १९१४ पासूनची ही संस्था. खामगाव-बुलढाण्याकडच्या जुन्या मिशन मंडळींना तिचं नाव नवं नाही. या परिषदेच्या ‘एशा’ नावाच्या उपक्रमात फादर फिलिप कुरुविला यांनी पाळकांना आणि धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना लैंगिक विविधतेवर बोलतं केलं. हे सोपं नव्हतं. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाच्या खटल्यात अपोस्टोलिक चर्चेस अलायन्स आणि उत्कल ख्रिश्चन कौन्सिल हे कलम टिकवण्यासाठी न्यायालयात उभे होते. त्यांच्या बाजूला मुस्लीम पर्सनल लॉ बोर्डही होतं. एरवी एकमेकांकडे न पाहणारे तिथे एका बाकावर आले. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम पुन्हा लागू केलं, तेव्हा मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी समलिंगी विवाह चर्चला मान्य नसला तरी ही माणसं गुन्हेगार नाहीत, अशी भूमिका घेतली. अर्धं पाऊल, पण त्या आठवड्यात तेवढंही बोलायला धाडस लागत होतं.

नागपूरचाच दुसरा आवाज सरसंघचालक मोहन भागवतांचा. जानेवारी २०२३ च्या मुलाखतीत त्यांनी जरासंधाचे सेनापती हंस आणि डिंभक यांचा दाखला देत अशी माणसं समाजात पूर्वीपासूनच आहेत, असं सांगितलं. ते धर्मगुरू नव्हेत, पण गावातल्या देवळाच्या ट्रस्टीवर त्यांच्या शब्दाचं वजन पडतं. मार्चमध्ये संघाने विवाह स्त्री-पुरुषाचाच, असं स्पष्ट केलं. म्हणजे इथेही दार किलकिलं, गादी दूरच.

गादीवर बसलेला माणूस स्वतः समलिंगी असल्याचं उघड सांगतो, तेव्हा काय होतं, याची उदाहरणं बाहेरच्या जगात आहेत. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरचे बिशप म्हणून २००३ मध्ये जीन रॉबिन्सन यांचा अभिषेक झाला, तो धमक्यांमुळे झग्याच्या आत बुलेटप्रूफ जाकीट घालून. बिशपांच्या २००८ च्या लॅम्बेथ परिषदेचं निमंत्रण त्यांना मिळालं नाही. पुढच्याच वर्षी ओबामांच्या शपथविधी सोहळ्याच्या प्रारंभीच्या कार्यक्रमात प्रार्थना त्यांनी म्हटली. दक्षिण आफ्रिकेतले इमाम मुहसिन हेंड्रिक्स १९९६ पासून उघडपणे समलिंगी म्हणून जगले आणि इतर मुस्लिमांना आधार देत राहिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये भर रस्त्यात गोळ्या घालून त्यांचा खून झाला.

बुलढाण्यात या सगळ्याचा संबंध कुठे लागतो? घरात पोरगा ‘वेगळा’ निघाला की वडील वकिलाकडे जात नाहीत. ते महाराजांकडे, मौलानांकडे किंवा पास्टरकडे जातात. पिंपळगाव सराईच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर सर्व धर्मांची माणसं मनाची दुखणी आणि बाधा घेऊन येतात. समलिंगीपण ही बाधा नव्हे, हे सांगणारा पहिला माणूस बहुधा धर्माच्याच ठिकाणी भेटायला हवा. डॉक्टरने असं ‘बरं’ करण्याचा उद्योग केला तर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये तो गैरवर्तन ठरवला आहे. बुवाने भूत उतरवायच्या नावाखाली मारलं, कोंडलं तर राज्याचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो. पण गोड बोलून ‘लग्न लावून द्या, सुधारेल’ असा सल्ला दिला तर कुठलाच कायदा आड येत नाही. त्या सल्ल्याची किंमत मग दोघांना मोजावी लागते, त्या पोराला आणि त्याच्या गळ्यात बांधलेल्या पोरीला.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता द्यायला नकार दिला. पण ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर संमतीचं प्रौढ नातं गुन्हा नाही आणि दोघांनी आपल्या सोबतीचा सोहळा करायलाही बंदी नाही. अशा विधीला नोंदणी मिळणार नाही, वारसाहक्क मिळणार नाही. तरीही उद्या चिखली किंवा मलकापुरातल्या भटजींना, पाळकांना किंवा भन्तेंना दोन मुलांनी ‘आम्हाला आशीर्वाद द्या’ म्हटलं, तर त्यांना कायद्याच्या आड लपता येणार नाही. हो म्हणावं की नाही, हे त्यांनाच ठरवावं लागेल.