खो कुणी दिला?

बॉस्टनची मॅरेथॉन म्हणजे तेव्हा सुमारे ४० किलोमीटरची दौड. लॅराबी नावाच्या डॉक्टरांनी काही धावपटूंचं रक्त शर्यतीच्या आधी आणि नंतर तपासलं, आणि १९०२ साली छापलं की पांढऱ्या पेशी भरमसाट वाढल्या होत्या. जंतूंशी लढणाऱ्या या पेशी इतक्या दिसतात त्या एरवी आजारी माणसात. हे गडी तर ठणठणीत!

नव्या पेशी तयार झाल्या म्हणावं, तर हाडांच्या मगजात त्यांना दिवसच्या दिवस लागतात. इथे आकडा चढतो काही मिनिटांत. मग आल्या कुठून?

खो-खोचं मैदान आठवा. गडी दबा धरून बसलेत, पाठीवर थाप पडली की सुटायचं! कितीतरी पांढऱ्या पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून, प्लीहेत घुसून अशाच बसलेल्या असतात. सुईने काढलेल्या रक्तात त्या येतच नाहीत. तुम्ही पळू लागलात, की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी अॅड्रेनॅलीन सोडतात. (परीक्षेच्या आधी छाती धडधडते ना? त्यातही याचा हात असतो. जपानहून अमेरिकेत गेलेल्या जोकिची ताकामिने यांनी ते शुद्ध करून १९०१ साली जगापुढे मांडलं.) ते पेशीवरच्या बीटा-२ नावाच्या ग्राहीवर थाप मारतं. खो! ही ग्राही झाकणारं औषध आधी दिलं, तर पेशी तितक्या उठत नाहीत.

सगळ्यांत चपळ असतात नैसर्गिक मारक पेशी. त्यांच्यावर या ग्राही भरपूर, म्हणून रक्तातली त्यांची संख्या बघता बघता कैक पटींनी वाढते.

आणि मग गंमत! जोरदार व्यायाम थांबला, की तास-दोन तासांत या पेशी पहिल्यापेक्षाही कमी होतात. व्यायामाने जंतूंशी लढायची ताकद खचते की काय, अशी शास्त्रज्ञांना बरीच वर्षं काळजी होती. (मैदान चुकवायला काय झकास निमित्त!) पण रक्तातून गेल्या म्हणजे मेल्या थोड्याच? उंदरांच्या पेशींना चमकणारा रंग लावून त्यांना पळवलं, तर पेशी फुफ्फुसांत, आतड्यांत आणि हाडांच्या मगजात सापडल्या. त्यांना रक्तातून तिकडे धाडण्यात कॉर्टिसॉल या दुसऱ्या, जरा सावकाश चालणाऱ्या संप्रेरकाचाही हात असतो.

म्हणजे मधल्या सुट्टीत धावून तुम्ही वर्गात घाम पुसत बसता, तेव्हा या पेशींची गस्त बहुधा नुकती कुठे सुरू होत असते.