खेळातला ‘आशिया’ कोण लिहितो?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ 1974 मध्ये अमेरिकेत सुरू झाला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे आपले पात्र काय करते ते सांगतात आणि यश-अपयश फाशावर ठरते. पात्राची ताकद, बुद्धी, प्रतिष्ठा हे सगळे नियमपुस्तकात आकड्यांनी मोजलेले असते. त्यामुळे नियम लिहिणाऱ्याच्या मनातले जग खेळणाऱ्याच्या मनात सहज उतरते. आज आपली शहरात शिकणारी मुलेही हा खेळ खेळू लागली आहेत, म्हणून तो समजून घेतला पाहिजे.

या खेळात आशिया कसा आला? 1975 मध्ये ‘मंक’, म्हणजे भिक्खू, हे पात्र आले. पण ते घडले कुंग-फूच्या लोकप्रिय कथांमधून. हातापायांनी लढणे हीच त्याची ओळख. शील, करुणा, प्रज्ञा यांचा हिशेब नाही. 1980 च्या देवदेवतांच्या पुस्तकात ‘भारतीय’ म्हणून इंद्र, अग्नी, वरुण, विष्णू आले. म्हणजे भारत फक्त वैदिक! 1985 मध्ये ‘ओरिएंटल ॲडव्हेंचर्स’ आले. त्यात चीन-जपानसह अनेक देशांची एकच मिसळ केली होती. शिवाय ‘मान’ मोजायचा नियम होता आणि त्यात घराण्याच्या प्रतिष्ठेलाही स्थान होते.

इथेच आपला प्रश्न येतो. जन्माने कोणी नीच किंवा श्रेष्ठ ठरत नाही, ही तथागतांची शिकवण. ज्यांच्या पिढ्यांचा मान जन्मावरून हिरावला गेला, त्यांनी घराण्याचे गुण मोजणारा नियम ‘पूर्वेची संस्कृती’ म्हणून का स्वीकारावा?

टीका झाल्यावर 2020 मध्ये प्रकाशकांनी जुन्या पुस्तकांच्या डिजिटल आवृत्त्यांवर पूर्वग्रहांची कबुली देणारी सूचना लावली. पण खरा बदल लेखणी हातात आल्याने होतो. 2022 च्या ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ या पुस्तकातल्या 13 साहसकथा वेगवेगळ्या वंशांच्या आणि संस्कृतींच्या लेखकांनी आपापल्या वारशातून लिहिल्या. त्यातली बंगालच्या नद्यांवर बेतलेली कथा मिमी मंडल यांची आहे. त्या कोलकात्याच्या दलित लेखिका आहेत. 2018 मध्ये त्या विज्ञानकथांच्या ह्युगो पुरस्काराच्या अंतिम यादीतही होत्या.

मग आपल्या वाशिमचे काय? वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. पाचव्या शतकात या शाखेचा राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे 16 क्रमांकाचे लेणे भिक्खुसंघाला दान दिले. तिथला शिलालेख त्याची साक्ष देतो. वत्सगुल्म ते अजिंठा हा प्रवास, वाटेतले व्यापारी, कारागीर, चित्रकार, भिक्खू-भिक्खुणी... यापेक्षा चांगली साहसकथा कोणती?

2023 पासून या खेळाचे मूलभूत नियम मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहेत. त्यावरून आपला खेळ बनवायला कोणाची परवानगी लागत नाही. फक्त मूळ नियमांचा श्रेयनिर्देश करावा लागतो. कागद, पेन्सिल, फासे पुरे. विहारातल्या युवा गटाने एका रविवारी बसून सुरुवात करावी. पहिला नियम असा ठेवावा : पात्राला गुण मिळतील ते त्याच्या कृतीचे. जन्माच्या रकान्यात काहीच लिहायचे नाही. तो रकानाच नसेल.

आपला इतिहास दुसऱ्यांनी लिहिला तेव्हा काय झाले, हे बाबासाहेबांनी आपल्याला दाखवून दिले आहे. खेळही त्याला अपवाद नाही.

जय भीम, नमो बुद्धाय!