निर्णयाआधींचा संशय

हल्लीं पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांतील मुलामुलींस पुण्यास किंवा बंगळूरास 'बिझनेस अ‍ॅनॅलिस्ट' या नांवाची नोकरी मिळते. घरांतील वडील माणसांस पगाराचा आंकडा ठाऊक असतो. परंतु आपलें मूल तेथें नेमकें काय करतें, हें पाहुण्यांस सांगतां येत नाहीं. साध्या भाषेंत सांगावयाचें तर हा व्यवसाय-विश्लेषक म्हणजे एक दुभाषी होय. एका बाजूस धंद्याचा मालक असतो. त्याला अडचण जाणवते, पण ती मांडतां येत नाहीं. दुसऱ्या बाजूस संगणकाची आज्ञावली रचणारे कारागीर असतात. त्यांना काय रचावयाचें तें स्पष्ट सांगावें लागतें. अर्थ न बिघडतां तो एकीकडून दुसरीकडे पोंचविणें, हें या दुभाष्याचें काम. तक्ते व आकृत्या काढणें थोड्या महिन्यांत शिकतां येतें. पण विचाराची शिस्त अंगीं नसेल तर त्याच सुबक तक्त्यांतून चुकीचा निर्णय बाहेर पडतो, आणि त्याची किंमत भलत्यालाच मोजावी लागते.

ही शिस्त आपणांस परकी नाहीं. गौतमाच्या न्यायसूत्रांत १६ पदार्थ सांगितले आहेत व त्यांचा क्रम लक्षांत ठेवण्याजोगा आहे. संशय तिसरा, प्रयोजन चौथें, आणि निर्णय नववा. नवशिका विश्लेषक बहुधा नवव्या पायरीवरच पहिलें पाऊल टाकूं पाहतो. मधल्या पायऱ्या त्यानें कां गाळूं नयेत, हें आमच्या देवळा तालुक्यांतील कांद्याच्या उदाहरणानें दाखवितों.

येथील उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलपासून निघूं लागतो. कांहीं लगेच उमराण्याच्या बाजार समितींत लिलावास जातो, तर कांहीं चाळींत सांठवून पावसाळ्यांत विकतात. समजा, शेतकऱ्यांच्या एखाद्या मंडळानें विश्लेषकास सांगितलें, "रोजचा भाव मोबाईलवर दिसेल अशी सोय करून द्या." आज्ञाधारक तरुण लगेच कामास लागेल. विचारी तरुण आधीं पुसेल, "भाव कळल्यावर आपण त्याचें काय करणार?" हेंच प्रयोजन. उत्तर येईल, "आज विकावें कीं थांबावें, तें ठरवूं." म्हणजे मागणी भावाची होती, आणि गरज विक्रीची वेळ ठरविण्याची होती. या दोन गोष्टी एक नव्हेत.

त्या कशा भिन्न, तें हिशेबानें पाहूं. एप्रिलांत १०० क्विंटल कांदा १,२०० रुपये भावानें विकला असता तर १,२०,००० रुपये आले असते. शेतकरी थांबला, सप्टेंबरांत भाव १,६०० झाला. भावाची पाटी म्हणेल, थांबण्यांत शहाणपण झालें. परंतु चाळींत कांदा सुकतो, सडतो, त्याला कोंब फुटतात. घट ३० टक्के धरली तर उरलेल्या ७० क्विंटलांचे १,१२,००० रुपयेच हातीं आले. भाव तृतीयांशानें चढला आणि शेतकऱ्याचे ८,००० रुपये बुडाले. निवडणीची मजुरी निराळीच. घट २५ टक्क्यांवर थांबली असती तर हिशेब समसमान झाला असता, त्याहून कमी असती तर नफा झाला असता. तेव्हां खरा प्रश्न भावाचा नसून घटीचा होता, आणि तो मूळ मागणींत कोठेंच नव्हता.

दुसरी गोष्ट प्रमाणांची. न्यायशास्त्र प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशीं चार प्रमाणें मानतें. कचेरींत बसून अधिकाऱ्याकडून ऐकलेली माहिती हा शब्द. ट्रॅक्टरांच्या रांगेंत उभें राहून पाहिलेला लिलाव हें प्रत्यक्ष. समितीच्या पत्रकांत किमान, कमाल व सर्वसाधारण असे तीन भाव असतात. यांपैकीं आपल्या गोणींतील मालास कोणता मिळेल, तें प्रतवारी पाहिल्यावांचून कळत नाहीं. शिवाय तेथें उभें राहिल्यावर कोणी सांगेल कीं, "भाव मला ठाऊक आहे हो, पण खतवाल्याची उधारी आज फेडावयाची आहे." अशा माणसास भाव दाखवून काय उपयोग? त्याची अडचण अज्ञानाची नाहीं, रोकडीची आहे.

तिसरी गोष्ट हेत्वाभासाची. आवक वाढली कीं भाव उतरतो, हें सामान्यतः खरें. म्हणून भाव उतरला त्या अर्थीं आवकच वाढली असेल, हें मात्र खरें नव्हे. धूर तेथें अग्नि असतो. पण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असून धूर नसतो. डिसेंबर २०२३ मध्यें केंद्र सरकारनें कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हां नाशिक जिल्ह्यांतील अनेक बाजारांत लिलाव बंद पडले आणि भाव कोसळले. ही बंदी मे २०२४ मध्यें उठली. त्या महिन्यांची केवळ आवकेची वही चाळणाऱ्यास हें कारण सांपडणार नाहीं, कारण तें त्या वहींत लिहिलेलेंच नाहीं. आपल्या तक्त्याबाहेर काय राहिलें, हा प्रश्न विश्लेषकानें प्रत्येक तक्त्यास विचारला पाहिजे.

शेवटची गोष्ट चर्चेची. सत्य शोधण्यासाठीं होतो तो वाद, जिंकण्यासाठीं होतो तो जल्प, आणि स्वतःचें मत न मांडतां केवळ दुसऱ्याचें खोडणें ही वितण्डा. मालक, हिशेबनीस व कारागीर एकत्र बसले कीं जल्प सहज माजतो. विश्लेषकानें तेथें पाहिलेलें काय, ऐकलेलें काय व गृहीत धरलेलें काय, हें तीन रकान्यांत वेगळें लिहून सर्वांपुढें ठेवावें. तिसऱ्या रकान्यांतील कोणती गोष्ट खोटी ठरल्यास आपला निष्कर्ष कोसळेल, हेंहि त्यानें आपण होऊन सांगावें. इतकें केलें तर निम्मी भांडणें तेथेंच मिटतात.

या पेशांत नव्यानें शिरलेल्या मुलांस संशय म्हणजे दुबळेपणा वाटतो, कारण झटपट उत्तर देणाऱ्याचें कौतुक आधीं होतें. घरच्यांनीं तरी तसें करूं नये. सुट्टींत घरीं आलेल्या मुलास पगारवाढ विचारावी, त्यास हरकत नाहीं, पण त्याबरोबर, "या वर्षीं कोणाची मागणी ऐकल्यावर तूं मूळ प्रश्नच बदललास?" असेंहि विचारावें. त्याला उत्तर देतां आलें, तर तो आपलें काम शिकत आहे असें खुशाल समजावें.